बारा टक्क्यांच्या आतले पाणी

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती 12 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर नेली, तेव्हा मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांना हायसे वाटले. परतीच्या पावसात भिजलेला माल खरेदी केंद्रापर्यंत न्यायचा आणि ओलावा जास्त म्हणून भरलेली ट्रॉली पुन्हा गावाकडे वळवायची, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना ते वाटणे स्वाभाविकच होते. मात्र त्या निर्णयाने एक जुना समज आणखी घट्ट केला. 12 हा आकडा कुणीतरी कार्यालयात बसून ठरवलेला आहे आणि मनात आणले तर तो हवा तसा वाढवता येतो, असे अनेक जण ठामपणे बोलू लागले. हा समज शेतकऱ्याच्याच हिताविरुद्ध जाणारा आहे असे मला वाटते. त्या आकड्यामागे दाण्याचे जीवशास्त्र आहे आणि त्याच्याशी भांडून काही हाती लागत नाही. भांडायचे असेल तर ओलावा कोण मोजतो, कसा मोजतो आणि त्यापोटी किती कपात करतो यावर भांडले पाहिजे.

आधी हा आकडा कुठून येतो ते पाहू. सोयाबीनच्या कोरड्या दाण्यात साधारण 40 टक्के प्रथिने आणि 20 टक्के तेल असते. तेल पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे दाण्यातले जवळजवळ सगळे पाणी तेल सोडून उरलेल्या भागात, म्हणजे प्रथिनांत आणि कर्बोदकांत साठते. 100 किलो सोयाबीनमध्ये 12 किलो पाणी असेल तर उरलेल्या 88 किलोंत सुमारे साडेसतरा किलो तेल असते. ते बाजूला काढले तर पाण्यासह साडेब्याऐंशी किलोंच्या आसपास वजन उरते आणि त्या भागापुरता ओलावा साडेचौदा टक्क्यांपर्यंत जातो. मक्यासारखे धान्य ज्या ओलाव्याला बिघडू लागते, जवळपास त्याच पातळीवर सोयाबीनचा बिनतेलाचा भाग 12 टक्क्यांनाच पोहोचलेला असतो. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते, म्हणून तो साठवण्यासाठी 7 ते 8 टक्क्यांपर्यंत वाळवावा लागतो.

बुरशीला दाण्यात एकूण पाणी किती आहे याच्याशी कर्तव्य नसते. त्यातले तिला वापरता येण्याजोगे किती, एवढेच तिच्या दृष्टीने महत्त्वाचे. पोत्यातल्या दाण्यांच्या मधल्या पोकळीत जी हवा अडकलेली असते, तिच्यात आणि दाण्यात पाण्याची देवघेव होऊन काही काळाने समतोल साधला जातो. त्या हवेची सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर गेली की साठवणुकीतल्या बुरश्या वाढू लागतात. दाणा स्वतःही जिवंत असतो. तो श्वसन करतो, साखर जाळून उष्णता आणि पाणी बाहेर टाकतो, ते पाणी शेजारच्या दाण्याला मिळते आणि त्याचेही श्वसन वाढते. पावसात घाईने रचून ताडपत्रीखाली दाबलेल्या सोयाबीनच्या गंजीत हात घातला तर आतून वाफ आल्यासारखे गरम लागते, ते याच साखळीमुळे. अशा दाण्यातल्या तेलाची आम्लता वाढते, तेल गिरणीला ते शुद्ध करण्याचा खर्च वाढतो आणि तो खर्च शेवटी भावातून वसूल होतो.

घरच्या घरी अंदाज घेण्याची एक सोपी पद्धत याच समतोलावर आधारलेली आहे. कोरड्या काचेच्या बरणीत तीन-चार मुठी दाणे घ्यावेत, त्यात तव्यावर भाजून पूर्ण कोरडे केलेले मीठ चमचाभर टाकावे, झाकण घट्ट लावून बरणी हलवावी आणि दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर माल ओला आहे हे नक्की समजावे, कारण हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. मीठ मोकळे राहिले तर माल 12 टक्क्यांवर आला असे मात्र समजू नये. धोक्याची वरची पायरी तेवढी ओलांडलेली नाही, इतकेच त्यावरून कळते. दाताखाली दाणा फोडून पाहणारे अनुभवी शेतकरीही बऱ्यापैकी अचूक सांगतात, पण 12 आणि 14 यांतला फरक दाताला कळत नाही आणि बाजारात पैसा त्याच दोन टक्क्यांचा जातो.

तिथे निर्णय होतो तो ओलावा मोजणाऱ्या मीटरवर, आणि हे छोटेसे यंत्र आतून कसे चालते हे प्रत्येक सोयाबीन उत्पादकाने समजून घ्यावे इतके ते सुंदर आहे. अडत्याच्या गाळ्यासमोर वाटीभर दाणे ज्या डब्यात ओतले जातात, त्याच्या भिंती म्हणजे विद्युत धारित्राची दोन टोके असतात. शाळेत शिकलेले आठवत असेल, की धारित्राच्या दोन पट्ट्यांमध्ये जो पदार्थ असतो त्यावर त्याची विद्युतभार साठवण्याची क्षमता अवलंबून असते. त्या पदार्थाच्या या गुणाला पराविद्युत स्थिरांक म्हणतात. हवेसाठी तो जवळजवळ 1 असतो, कोरड्या धान्यासाठी 2 ते 5 च्या घरात असतो आणि पाण्यासाठी तब्बल 80 च्या आसपास असतो. म्हणजे दाण्यात पाण्याचा अंश थोडा जरी वाढला तरी धारित्राची क्षमता लक्षात येण्याइतकी वाढते. मीटर खरे तर पाणी मोजतच नाही. तो ही क्षमता मोजतो आणि कारखान्यात त्याच्यात भरून ठेवलेल्या तक्त्याशी ताडून टक्केवारी दाखवतो.

पाण्याचा स्थिरांक एवढा मोठा का असतो? पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. मीटरमधले विद्युत क्षेत्र सेकंदाला लाखो ते कोट्यवधी वेळा दिशा बदलते आणि प्रत्येक वेळी पाण्याचे रेणू त्या दिशेला वळण्याचा प्रयत्न करतात. मोकळे पाणी सहज वळते. पण दाण्यातले सगळे पाणी मोकळे नसते. त्यातला पहिला थर प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी इतका घट्ट चिकटलेला असतो, की दावणीला आखूड बांधलेल्या बैलासारखी त्या रेणूंची मान फारशी वळत नाही. हे बद्ध पाणी मीटरला फार थोडे जाणवते आणि बुरशीलाही ते वापरता येत नाही. त्यावरचे थर जसजसे सैल होत जातात तसतसे ते मीटरला जास्त जाणवतात. म्हणून 8 वरून 10 टक्क्यांवर जाताना क्षमता जितकी वाढते, त्यापेक्षा 14 वरून 16 वर जाताना ती अधिक वाढते आणि तक्त्याची रेषा सरळ न राहता वर वाकते.

याच यंत्रणेतून चुकाही जन्म घेतात. दाणे गरम असले की रेणूंची हालचाल वाढते, बंध सैल होतात आणि तेवढेच पाणी मीटरला जास्त भासते. चांगल्या मीटरमध्ये यासाठी तापमापक असतो, पण दुपारच्या उन्हात तापलेल्या ट्रॉलीतून काढलेले दाणे डब्यात पडताक्षणी आकडा वाचला तर तापमापकाला त्या दाण्यांच्या तापमानाशी जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. दाणे डब्यात दाबून भरले तर तेवढ्याच जागेत जास्त वस्तुमान येते आणि आकडा वर सरकतो. प्रत्येक पिकाचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे मीटर दुसऱ्याच पिकावर ठेवलेला असेल तर आकड्याला काही अर्थ उरत नाही. तासाभरापूर्वी उन्हात पसरून गोळा केलेल्या दाण्याचे साल कोरडे आणि गाभा ओला असतो. असा माल मळ्यात एक आकडा दाखवतो आणि पोत्यात रात्र काढल्यावर, पाणी दाण्यात सगळीकडे सारखे पसरले की, दुसरा दाखवू शकतो. त्यात लबाडी कुणाचीच नसते, तरी वाद मात्र पेटतो. म्हणून वाळवलेला माल रात्रभर सावलीत ठेवून मग मोजावा, नमुना पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून घेऊन नीट मिसळावा, तीन वेळा मोजून सरासरी काढावी आणि ती वजनाच्या पावतीवर लिहून मागावी. वाद मिटलाच नाही, तर दाणे दळून ओव्हनमध्ये ठरलेल्या तापमानाला वाळवायचे आणि वजनातली घट मोजायची, हीच पद्धत अंतिम मानली जाते. मीटरचा तक्ताही मुळात तिच्यावरूनच तयार केलेला असतो.

आता कपातीचा हिशेब. 16 टक्के ओलाव्याच्या 100 किलो सोयाबीनमध्ये 84 किलो कोरडा माल असतो. हाच माल 12 टक्क्यांवर आणला तर त्याचे वजन 84 भागिले 0.88, म्हणजे 95.45 किलो भरते. ओलावा 4 टक्क्यांनी उतरला, पण वजन साडेचार किलोंनी घटले. 2025-26 च्या खरीप हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. त्या दराने ही घट सुमारे 242 रुपयांची होते आणि खरेदीदाराने तेवढी कपात केली तर ती रास्त आहे. पण एका टक्क्याला दोन किलो असा हिशेब लावून 8 किलो कापले, तर वरचे साडेतीन किलो, म्हणजे सुमारे 184 रुपये, वाळवणीचा खर्च आणि जोखीम या नावाखाली जातात. ते द्यायचे की दोन दिवस ताडपत्रीवर माल पसरायचा, हे शेतकऱ्याने आकडा समोर ठेवून ठरवावे. ओला माल विकला तर वजन जास्त भरून फायदा होतो, हाही भ्रमच आहे. उलट, 9 टक्क्यांपर्यंत कडक वाळवलेला माल विकणारा क्विंटलमागे जवळपास साडेतीन किलो वजन फुकट सोडतो, शिवाय फार कोरडा दाणा मळणीत आणि हमालीत फुटून डाळ होतो, ते नुकसान वेगळेच.

हेच पाणी मळणी यंत्रावर जिवावर बेतते. काड वाळलेले असले की ड्रमच्या माराने त्याचा चुरा होऊन गुळी, म्हणजे बारीक भुसा, बाहेर फेकली जाते. ओले, हिरवट काड तुटत नाही. ते ड्रमभोवती गुंडाळते, तोंडाशी गच्च बसते आणि कवळ, म्हणजे हातात मावेल एवढे काड, सरकवणारा माणूस ते हाताने आत ढकलू लागतो. यंत्रमालकाला पैसे पोत्यामागे मिळतात, आभाळ भरून आलेले असते, रात्रीचे दोन वाजलेले असतात, आणि थांबायला कुणीच तयार नसते. 60 सेंटीमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 600 फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याचा काठ सेकंदाला सुमारे 19 मीटर वेगाने पळतो. हात ओढला जातोय हे मेंदूला कळून स्नायू मागे खेचेपर्यंत पाव सेकंद तरी जातो आणि तेवढ्यात ड्रमचा काठ सुमारे पावणेपाच मीटर पुढे गेलेला असतो. मुठीत धरलेले ओले काड सोडायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे मळणी यंत्राला ताकद पोचवणारा फिरता दांडा, मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो. 7 सेंटीमीटर व्यासाच्या शाफ्टवर पदराचे किंवा उपरण्याचे टोक अडकले तर सेकंदाला सुमारे दोन मीटर कापड त्याच्यावर गुंडाळले जाते. सावधपणा या वेगापुढे पुरा पडत नाही. हात आणि कापड तिथे पोहोचणारच नाही अशी रचनाच लागते.

ती रचना आपल्याकडे कायद्यातही आहे. धोकादायक यंत्रे विनियमन अधिनियम 1983 सालचा असून तो मळणी यंत्रांसाठीच करण्यात आला. भारतीय मानकानुसार कवळ सरकवण्याचे पन्हळ किमान 90 सेंटीमीटर लांब आणि ड्रमच्या बाजूचे 45 सेंटीमीटर वरून झाकलेले असावे लागते, म्हणजे हात लांबवला तरी ड्रमपर्यंत जात नाही. अनेक यंत्रांवर हे झाकण जास्त माल घालता यावा म्हणून काढून टाकलेले असते आणि शाफ्टवरचे आवरण तुटल्यावर पुन्हा बसवलेले नसते. सोयाबीनच्या हंगामातच खंडेनवमी येते, यंत्राला हळदकुंकू लावून नारळ फोडला जातो, लिंबू-मिरची बांधली जाते, आणि अपघात झालाच तर खळ्याला नजर लागली असे म्हटले जाते. अवजारांविषयीची कृतज्ञता मला मोलाची वाटते, पण लिंबाने ड्रम थांबत नाही आणि नजरेचे कारण पुढे आले की झाकण कुणी काढले हा प्रश्न विचारायचा राहून जातो. पूजेच्याच दिवशी पाना घेऊन झाकण आणि आवरण बसवावे. ड्रम गच्च बसला तर आधी ट्रॅक्टर बंद करावा, किल्ली खिशात घ्यावी, ड्रम पूर्ण थांबू द्यावा आणि मगच काड ओढून काढावे. अपघातात मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास 2 लाख आणि एक अवयव गेल्यास 1 लाख रुपये गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मिळतात. गावातल्या किती घरांना हे ठाऊक आहे, याची चौकशी ग्रामसभेत व्हायला हवी.

माल वाळला, मळला, पण काढणीच्या तोंडावर भाव पडलेला असेल तर राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. तीत सहभागी बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 180 दिवसांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते. गोदामात सहा महिने टिकायचे तर ओलाव्याची अट इथेही सुटत नाही.

घरी साठवलेल्या ज्वारी-गव्हाच्या पोत्यांत अनेक जण कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकतात, आणि इथे पाण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. ही गोळी हवेतल्या आणि धान्यातल्या ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फीन वायू सोडते. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम. धान्य आणि हवा जितकी दमट आणि उबदार, तितका वायू झपाट्याने सुटतो. या वायूवर उतारा नाही, म्हणून या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित, परवानाधारक कीडनियंत्रक यांच्यापुरता मर्यादित ठेवलेला आहे. माणसे किंवा जनावरे झोपतात त्या खोलीत, किंवा तिच्याशी भिंत आणि छप्पर सामाईक असलेल्या कोठारात, ही गोळी कधीही ठेवू नये. 12 टक्क्यांच्या खाली वाळवून हवाबंद कोठीत भरलेल्या धान्यात किडीची वाढ मुळातच मंदावते, आणि घरगुती साठ्यासाठी तेवढे बहुधा पुरते.