निक्कोची तीन माकडं एकटी नाहीत

‘वाईट पाहू नका, ऐकू नका, बोलू नका’ सांगणारी तीन माकडं गांधीजींची, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. गांधीजींजवळ त्यांची छोटी मूर्ती होती, हे खरं. पण जपानमधल्या निक्को गावच्या तोशोगू या शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवस्थानात ती १६३६ सालापासून लाकडात कोरलेली आहेत. शोगुन, म्हणजे जपानचे लष्करी शासक, तोकुगावा इएयासू यांना देव मानून हे देवस्थान उभारलेलं. त्यांचे नातू इएमित्सू यांनी ते नव्याने बांधून घेतलं.

दुसरा समज जास्त नुकसान करतो: हे शिल्प म्हणजे सुटा उपदेश. मुळात ते देवाच्या घोड्याच्या पागेवर आहे, कारण माकड घोड्यांचं रक्षण करतं अशी तिथली श्रद्धा. सोनं आणि रंगांनी लखलखणाऱ्या त्या आवारात पागेचं लाकूड मात्र साधं, बिनरंगी. तिच्या दर्शनी आणि पश्चिम बाजूला मिळून आठ चौकटी आहेत. त्यांत सोळा माकडं आणि एक अख्खं आयुष्य.

पहिल्या चौकटीत आई कपाळावर हात धरून पिल्लाचं भवितव्य न्याहाळते. दुसरीत आपली तिघं: डावीकडच्याचे हात कानांवर, मधल्याचे तोंडावर, उजवीकडच्याचे डोळ्यांवर. ही बालपणाची चौकट आहे. कोवळ्या वयात वाईट गोष्टी कानाडोळ्यांवर पडू नयेत, ही त्यातली काळजी. अन्यायाकडे पाठ फिरवा, असा अर्थ त्यातून काढणं चूक आहे. पुढे एकटेपण, आकाशाकडे लागलेली नजर, खचलेल्या मित्राला धीर, प्रेम, संसाराच्या लाटा आणि शेवटी गर्भार माकडीण, म्हणजे पुन्हा पहिली चौकट.