‘आयोलेर’वरील खलाशांची व्यक्तिचित्रे : पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस बेटाजवळ ‘आयोलेर’ हे जहाज बुडाल्याला शंभर वर्षे होत असताना चित्रकार मार्गारेट फर्ग्युसन यांनी त्या दुर्घटनेशी जोडल्या गेलेल्या शंभर जणांची व्यक्तिचित्रे रंगवली. त्यांचे मोल समजण्यासाठी त्या रात्री काय घडले याइतकेच पुढे कित्येक दशके त्याविषयी कोणी का बोलले नाही, हेही पाहावे लागते.

पहिले महायुद्ध थांबून सात आठवडे झाले होते. ३१ डिसेंबर १९१८ रोजी रजेवर घरी निघालेले नौदलाच्या राखीव दलातील खलाशी रेल्वेने काइल ऑफ लोखाल्श बंदरात उतरले. नेहमीच्या टपालबोटीत ते सारे मावणार नव्हते, म्हणून उरलेल्यांसाठी ‘आयोलेर’ पाठवण्यात आली. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे, दोन वाजण्याच्या सुमारास, लुईसवरील स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी ती खडकांवर आदळली. किनारा अवघा काही मीटर दूर होता. परंतु वादळी लाटा, काळोख, अंगावरचे जड गणवेश आणि पायांतले बूट यांमुळे तेवढे अंतरही बहुतेकांना कापता आले नाही. जॉन मॅक्लाउड हा तरुण दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला आणि त्या दोराच्या आधाराने सुमारे चाळीस जण वाचले. सुमारे २८० पैकी किमान २०१ जण मात्र दगावले, तेही युद्धातून सुखरूप परतल्यावर आणि स्वतःच्या घराच्या वाटेवर.

जहाजावरील अधिकारीही बुडाल्याने मार्ग कसा चुकला हे सांगणारा कोणी उरला नाही. फेब्रुवारीत स्टॉर्नोवेत झालेल्या जाहीर चौकशीत पंचांनी पुरेशी सावधगिरी बाळगली गेली नाही, वेग कमी केला नाही आणि जीवरक्षक साधने अपुरी होती, असा निष्कर्ष काढला. युद्धात आधीच शेकडो माणसे गमावलेल्या या बेटावर जवळजवळ प्रत्येक गावात कोणाचे तरी घर रिकामे झाले होते. त्यामुळे दुःख बोलून दाखवायचे तरी कोणापुढे, अशी स्थिती होती. जहाज जिथे बुडाले त्या किनाऱ्यावरील होम या ठिकाणी स्मारक उभे राहायलाही सुमारे चाळीस वर्षे जावी लागली.

सुमारे एकतृतीयांश मृतदेह कधी सापडलेच नाहीत. अशा कुटुंबांकडे माणसाची खूण म्हणून उरले असेल ते एखादे छायाचित्र, आणि जुन्या छायाचित्रांतल्या याच चेहऱ्यांना या व्यक्तिचित्रांनी रंग दिला. त्यांत वाचलेल्यांचाही समावेश आहे आणि तो योग्यच आहे, कारण डोळ्यांदेखत सोबती बुडालेले पाहून घरी पोहोचलेल्या अनेकांनी त्या रात्रीविषयी आपल्या मुलाबाळांनाही कधी काही सांगितले नाही.