लिनक्स अपग्रेडनंतर पडदा काळा? फॉरमॅट मारायची घाई नको

उबुंटू आणि मिंट हे लिनक्सचे दोन प्रकार. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर किंवा मिंट २२ वर गेल्यावर काही मशीन चालू होतात, पंखा फिरतो, पण मॉनिटरवर काहीच दिसत नाही. घाबरू नका. तुमच्या लग्नपत्रिका, बिलं, कानडी-मराठी फाइली डिस्कवर जशाच्या तशा असतात. बहुतेक वेळा नव्या कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) आणि ग्राफिक्स कार्डाचं जमलेलं नसतं, एवढंच.

आधी मागे बघा. कार्ड बसवलेलं असताना केबल मदरबोर्डाच्या पोर्टात खोचलेली नाही ना? मशीन नुसतं बीप-बीप करत असेल तर लिनक्सचा दोष नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर दमट थर चढतो. लाईट बंद करून, वायर काढून रॅम बाहेर घ्या, कोऱ्या खोडरबराने पट्ट्या पुसा आणि परत बसवा.

तरी पडदा काळाच? मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरा. नव्या यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली चालू होण्याची पद्धत) मशीनवर एस्केप दाबा, पण एकदाच. मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधला जुना कर्नल निवडा. त्यात डेस्कटॉप आला, तर हार्डवेअर ठणठणीत आहे. नाहीच आला, तर त्याच मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नोमोडसेट (nomodeset) हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत सलग टाइप करा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड येईल, व्हिडिओ अडखळेल. हा उपाय त्या एका बूटपुरताच (मशीन एकदा चालू होण्यापुरताच) असतो, म्हणून आत शिरल्या शिरल्या ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये जाऊन ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर घाला. मिंटमध्ये याला ‘ड्रायव्हर मॅनेजर’ म्हणतात.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी मशीनची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर घालताना पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. पुढच्या बूटला निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. तिथे कुठलंही बटण दाबून ‘एनरोल एमओके’ निवडायचं आणि तोच पासवर्ड टाकायचा. बरेच जण तो पडदा तसाच जाऊ देतात आणि मग ड्रायव्हर खराब आहे म्हणून आमच्याकडे येतात.

जुन्या कार्डांचं मात्र स्पष्टच सांगतो. जीफोर्स २१० हे कार्ड ड्रायव्हरच्या ज्या ३४० मालिकेवर चालतं, तिचा सपोर्ट एनव्हिडिया कंपनीने २०१९ मध्ये थांबवला; ३९० मालिकेचा २०२२ मध्ये. अशा कार्डावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून टाका आणि कर्नलसोबत येणाऱ्या नूव्हो ड्रायव्हरवर काम चालवा. डीटीपीला, बिलिंगला तेवढं पुरतं. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर कार्ड बदला, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

चित्र १०२४ बाय ७६८ वरच अडकलं असेल तर एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टरवर संशय घ्या. तो काढून सरळ केबल लावून बघा. व्हिडिओचा आवाज येतो पण चित्र नाही, किंवा स्क्रीन शेअर काळा जातो, तर लॉगिनच्या वेळी खालच्या चक्रावर ‘उबुंटू ऑन झोर्ग’ (Ubuntu on Xorg, पडदा दाखवण्याची जुनी पद्धत) निवडा.

अपग्रेड चालू असताना लाईट गेली असेल तर त्याच ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधल्या रिकव्हरी मोडमध्ये ‘डीपीकेजी’ (dpkg) निवडा, अर्धवट राहिलेली पॅकेजं तो पुरी करतो. यूपीएस नसेल तर अपग्रेडला हातच लावू नका.

आमच्या दुकानात येताना सीपीयू (मशीनचा डबा) आणि तुमची केबल आणा, मॉनिटर नको. खानापूर-निपाणीकडून येणाऱ्यांनी निघण्याआधी पडद्यावरच्या शेवटच्या ओळीचा फोटो पाठवा, काही कामं फोनवरच उरकतात.