फिनिक्समधला मार्च आणि पाहुण्यांवरचा कर : एक पार्श्वभूमी

स्प्रिंग ट्रेनिंगच्या, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघांच्या हंगामपूर्व सरावाच्या दिवसांत, ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात जाणाऱ्याच्या खर्चात दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. एक म्हणजे हॉटेलांचे चढे दर आणि दुसरी म्हणजे भाड्याच्या गाडीच्या बिलात जोडलेला अधिभार. पहिली गोष्ट मागणीमुळे घडते. दुसरीमागे मात्र एक जाणीवपूर्वक घेतलेला आणि न्यायालयापर्यंत गेलेला सार्वजनिक निर्णय आहे.

ॲरिझोनात या सरावाची सलग परंपरा १९४७ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी क्लीव्हलँडचा संघ टूसॉनला आणि न्यूयॉर्कचा जायंट्स संघ फिनिक्सला आला. क्लीव्हलँडच्या तत्कालीन मालकांना कृष्णवर्णीय खेळाडू संघात घ्यायचे होते, म्हणून त्यांनी वर्णभेदाने ग्रासलेला फ्लोरिडा सोडला, असे नेहमी सांगितले जाते. ते पूर्ण सत्य मानता येत नाही, कारण मालकांचे स्वतःचे रँचही (मोठे पशुपालन शेत) टूसॉनजवळच होते आणि संघात आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला टूसॉनमध्येही सहकाऱ्यांच्या हॉटेलात राहू दिले गेले नाही.

पुढची चार दशके कॅक्टस लीग, म्हणजे ॲरिझोनात सराव करणाऱ्या संघांचा गट, लहानच राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिच्यात आठच संघ होते आणि फ्लोरिडातील शहरे नव्या मैदानांची आमिषे दाखवून त्यांनाही ओढू पाहत होती. संघ टिकवायचे तर मैदाने बांधणे भाग होते आणि त्यासाठी स्थानिक रहिवाशांवर कर लादणे राजकीयदृष्ट्या अवघड होते. तेव्हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅरिकोपा काउंटीत (फिनिक्स ज्यात येते त्या जिल्ह्यात) भाड्याच्या गाड्यांवर ठरावीक रकमेचा अधिभार बसवण्यात आला. १९९४ मध्ये पिओरिया येथे दोन संघांनी एकच संकुल वापरण्याची पद्धत सुरू झाली आणि खर्च वाटून घेण्याची ही रीत पुढे सर्प्राइझ, ग्लेंडेल, गुडइयर या उपनगरांनीही स्वीकारली.

खरा वाद नोव्हेंबर २००० मधील मतदानाचा आहे. काउंटीतील मतदारांनी निसटत्या बहुमताने हॉटेलांवर १ टक्का जादा कर आणि भाड्याच्या गाड्यांवर ३.२५ टक्क्यांचा अधिभार मंजूर केला. या पैशांतून अमेरिकन फुटबॉलचे नवे स्टेडियम, कॅक्टस लीगची मैदाने, पर्यटनाची जाहिरात आणि मुलांच्या क्रीडासुविधा उभ्या राहणार होत्या. ज्यांनी मतदान केले त्यांच्यावर भार तुलनेने कमी आणि ज्यांना मत नाही त्यांच्यावर अधिक, ही या रचनेतील अन्यायाची बाजू प्रचारात फारशी पुढे आली नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

गाडी भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांनी पुढे या अधिभाराला आव्हान दिले. वाहनांच्या रस्त्यावरील वापराशी निगडित करांचे उत्पन्न रस्त्यांसाठीच खर्चावे, अशी तरतूद राज्याच्या घटनेत आहे. तो पैसा स्टेडियमकडे वळवणे त्यामुळे घटनाबाह्य ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१४ मध्ये कर न्यायालयाने तो मान्य केला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिभार वैध ठरवला. हा कर गाडी रस्त्यावर चालवण्यावर बसलेला नसून गाड्या भाड्याने देण्याच्या व्यवसायावर आहे, अशी त्यामागची भूमिका होती. कायद्याच्या भाषेत हा भेद टिकला, तरी व्यावसायिक तो भार ग्राहकाच्या बिलातच टाकतात, त्यामुळे प्रवाशाच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही.

या पैशाने लीग वाढली, हे मात्र निर्विवाद आहे. २०११ मध्ये स्कॉट्सडेलजवळ मूलनिवासी समुदायाच्या जमिनीवरील पहिले संकुल सुरू झाले. आज १५ संघ १० मैदानांवर सराव करतात आणि ती सगळी महानगराच्या परिसरातच असल्याने बहुतेक ठिकाणी गाडीने तासाभरात पोहोचता येते. सुमारे १८० किलोमीटरवरच्या टूसॉनला याची किंमत मोजावी लागली. २०१० च्या हंगामानंतर, जिथून ही लीग उभी राहिली त्या शहरात एकही संघ उरला नाही. २००० च्या मतदानाने या करांना ३० वर्षांची मुदत घातली होती, त्यामुळे मैदानांच्या दुरुस्तीचा भार पुढे कोणी उचलायचा, हा प्रश्न ती मुदत संपण्याच्या सुमारास पुन्हा मतदारांपुढे किंवा विधिमंडळापुढे येणार आहे.