ताक, ताट आणि डिमेन्शिया

‘डिमेन्शियाचे 45 टक्के रुग्ण टाळता येतात’ ही बातमी 2024 पासून वेगवेगळ्या रूपांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. (डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणं.) मूळ अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, प्रदूषित हवा, एकटेपणा असे 14 धोके दिले आहेत. ते सगळेच जगातून समूळ नाहीसे झाले, तर इतके रुग्ण कमी होतील, असा हा अख्ख्या लोकसंख्येचा हिशोब आहे. चार सवयी बदलल्या आणि आपला धोका निम्म्यावर आला, असं त्यातून निघत नाही.

यादीत सर्वांत मोठा वाटा दोघांचा, प्रत्येकी 7 टक्के: एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं. कोलेस्टेरॉलची चर्चा घरोघरी होते. कानाचं मात्र ‘वय झालं, चालायचंच’!

आजोबा आधी म्हणतात, ‘जरा मोठ्याने बोल.’ मोठ्याने बोललं की म्हणतात, ‘ओरडतोस कशाला?’ हा तिरसटपणा नव्हे, यामागे शरीरशास्त्र आहे.

अंतर्कर्णात कॉक्लिया नावाची, शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर. तिच्यात केसपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेतल्या सुमारे 3,500 पेशी मेंदूला संदेश पाठवतात. बाहेरच्या रांगांतल्या सुमारे 12,000 पेशी याहून अजब काम करतात. आवाजाच्या कंपनाने पेशीतला विद्युतदाब बदलला की तिच्या भिंतीतलं प्रेस्टिन हे प्रथिन आकार बदलतं आणि अख्खी पेशी आखूड-लांब होते, तीही सेकंदाला हजारो वेळा. या हालचालीमुळे मूळ कंपनालाच जोर मिळतो आणि क्षीण आवाज 40 ते 60 डेसिबलने वाढतो. मोठ्या आवाजाला मात्र ही मदत जवळजवळ मिळत नाही.

आता या बाहेरच्या पेशी मेल्या असं धरा. कुजबुज ऐकूच येणार नाही, पण आरडाओरडा पूर्वीइतकाच कर्कश वाटेल. जेमतेम ऐकू येणं आणि असह्य होणं यांच्या मधली जागाच आक्रसते. आजोबांची तक्रार अगदी नेमकी असते.

पक्ष्यांमध्ये केसपेशी पुन्हा उगवतात, सस्तन प्राण्यांत गेली ती गेली. (म्हणून कानात कोमट तेल घालून बहिरेपण जात नाही. तेल पडद्यापाशीच अडतं, केसपेशी त्याच्या पलीकडे हाडाच्या बंद कप्प्यात असतात.) त्यातही नळीच्या तोंडाकडच्या, उच्च वारंवारतेच्या पेशी आधी जातात. स्वरांची ताकद खालच्या वारंवारतांत असते, पण क, ट, स, श ओळखायला 2000 हर्ट्झच्या वरची माहिती लागते. म्हणजे ‘ताक’ आणि ‘ताट’ यांतला ‘ता’ नीट पोचतो, पुढचं मेंदूने संदर्भावरून ताडायचं.

हे ताडणं फुकट होत नसावं. शब्द जुळवण्यात गुंतलेल्या मेंदूला ऐकलेलं लक्षात ठेवायला कमी वाव मिळतो, हा एक तर्क. माणूस गप्पांतून अंग काढून घेतो, हा दुसरा. 2011 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 639 जणांच्या अभ्यासात दाखवलं, की सौम्य श्रवणदोष असणाऱ्यांना डिमेन्शियाचा धोका दुप्पट होता, तीव्र दोष असणाऱ्यांना पाचपट. पण रक्तवाहिन्यांचा एकच आजार कान आणि मेंदू दोन्ही बिघडवत असेल, तर?

म्हणून प्रयोग लागतो. अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ चाचणीत 70 ते 84 वयाच्या 977 जणांपैकी साधारण निम्म्यांना श्रवणयंत्रं दिली, उरलेल्यांना आरोग्यशिक्षण. तीन वर्षांनी एकूण गटांत फरक पडलाच नाही. मुळात जास्त धोका असलेल्यांच्या उपगटात मात्र बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. बातम्यांनी 48 उचलला, पहिलं वाक्य गाळलं. स्मरणशक्तीची सिरपं विकणाऱ्यांकडे एवढासुद्धा पुरावा नसतो, हेही खरं.

मला यंत्राच्या बाजूने बोलायला एवढं पुरतं, कारण नुकसान काही नाही आणि ऐकू येतं हा फायदा रोख आहे. साठीनंतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्यावी, आणि नुसत्या ‘टूं’ आवाजांची नव्हे, शब्द ओळखण्याचीही चाचणी मागावी. मशीन लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट असह्य होतो. तेव्हा ते कपाटात न टाकता ऑडिओलॉजिस्टकडून पुन्हा जुळवून घ्यायचं असतं.