मानधन की पगार? अंगणवाडी सेविकेच्या कामाची पार्श्वभूमी

मूल वस्तीतून शाळेत येत नसेल तर शाळाच वस्तीत न्यायची, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 नंतर पालघर भागातल्या बोर्डी आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर करून दाखवलं होतं. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच प्रयोगांतला. तिथला भर शिक्षणावर होता. गाणी, गोष्टी, बिया-शंखशिंपल्यांची मोजणी.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिने शब्द उचलला, पण सोबत पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा (म्हणजे गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं) आणि आरोग्यशिक्षणही आणलं. सहा सेवांमध्ये शाळापूर्व शिक्षण ही एक. सगळ्यांचा भार एकाच बाईवर, आणि मदतीला एक मदतनीस.

ही बाई त्याच गावची हवी, हा दंडक. त्यामुळे जी मिळाली ती बहुधा गावातली सून, कुठे विधवा, कुठे घर सोडलेली. शिक्षण चौथी-सातवीपासून मॅट्रिकपर्यंत. सुरुवातीला मॅट्रिक असेल तर महिना 150 रुपये, नसेल तर 100.

या रकमेला ‘मानधन’ म्हटलं गेलं आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला. पगार घेणारा कर्मचारी असतो. मानधन घेणारी समाजसेवा करते, तीही फावल्या वेळात, असं गृहीत धरलेलं. मराठीने त्यात ‘सेविका’ हे पद देऊन भरच घातली. हिंदीत तीच बाई निदान ‘कार्यकर्ती’ आहे. 2006 मध्ये कर्नाटकातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नागरी सेवेतलं पद नाही असं ठरवलं. पद कायद्याने निर्माण झालेलं नाही आणि या बायका निवडणूकही लढवू शकतात, हे मुद्दे त्यात होते. एप्रिल 2022 मध्ये गुजरातच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. या कामाला अर्धवेळ म्हणता येणार नाही, आणि 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यामुळे अंगणवाडीला वैधानिक आधार आहे, असं त्यात म्हटलं. पहिला निकाल मात्र उभाच आहे. म्हणजे ग्रॅच्युइटीपुरती ती कर्मचारी, एरवी नाही.

अर्धवेळ म्हणजे काय ते वजनाच्या दिवशी बघावं. आढ्याला काटा टांगलेला, झोळीत पोर हातपाय झाडत रडतंय, सुई थांबत नाही, आईला घाई आहे, मागे खिचडी शिजतेय. सुई थांबली की आकडा आधी वहीत, मग फोनमध्ये. तो फोनही काही वर्षांपूर्वी इतका अडकायचा की 2021 मध्ये महाराष्ट्रभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. दुपारनंतर गरोदर आणि स्तनदा मातांकडे गृहभेटी. बालगीतांना यातून वेळ उरला तर उरला.

मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातल्या सेविकांनी संपही केले. 2017 चा संप 26 दिवस चालला. 4 डिसेंबर 2023 ला सुरू झालेला संप जानेवारीच्या अखेरीस मिटला, तेव्हा सेविकेचं मानधन महिना 10,000 रुपये होतं. 2024 मध्ये वाढ जाहीर झाली: 13,000 मानधन, आणि ठरलेले निकष पुरे केले तर 2,000 पर्यंत प्रोत्साहन भत्ता. बातम्यांत आकडा 15,000 चा आला.