दीडशेची पावती आणि पर्यावरण कायदा : कोल्हापूरच्या कचरादंडाची पार्श्वभूमी

कोंडाळ्याबाहेर पिशवी भिरकावताना कोणी सापडला की मुकादम त्याला थांबवतो, आरोग्य निरीक्षक पावती फाडतो, रक्कम दीडशे-दोनशेच्या घरात. तीच पिशवी जयंती नाल्यात पडली तर पंचगंगेला जाऊन मिळते. नदीचं नुकसान हा देशाच्या पर्यावरण कायद्याचा विषय आहे. एकाच कृत्याला दोन कायदे लागू होतात, पण त्यांची मापं जुळत नाहीत.

याचं मूळ जुनं आहे. पालिकांचे दंड आले ते 'सार्वजनिक उपद्रव' या कल्पनेतून. भारतीय दंड संहितेच्या कलम 290 मध्ये उपद्रवाला कमाल 200 रुपये दंड होता आणि तो 2024 पर्यंत तसाच राहिला. कोल्हापूरची महापालिका 1972 ची. तिचे अधिकार 1949 च्या महापालिका कायद्यातून आले आणि त्यात भर होता रस्ते, गटारं, झाडलोट यांवर. नदीला काय होतं, हा त्या कायद्याचा मुख्य प्रश्नच नव्हता.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. ऐकायला जबर, पण मूळ कायद्याचं कलम 24 वाचावं. एखादं कृत्य दुसऱ्याही कायद्याखाली गुन्हा असेल, तर शिक्षा त्या दुसऱ्या कायद्याने, असं ते सांगतं. माझ्या मते सगळी गोची इथेच झाली: स्थानिक दंड किरकोळ असला तरी मोठ्या कायद्याची वाट तोच अडवू शकतो. शिवाय नागरिकाला या कायद्याखाली थेट न्यायालयात जायचं तर आधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागे. कोंडाळ्यापाशी उभ्या निरीक्षकाच्या हाती यातलं काहीच नव्हतं.

पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून 2000 चे घनकचरा नियम निघाले. त्यांचा रोख मुख्यतः पालिकांवर होता. 2016 च्या नियमांनी कचरा करणाऱ्यावरही जबाबदारी टाकली: वर्गीकरण करा, रस्त्यावर, नाल्यात टाकू नका, जाळू नका. पालिकांनी वर्षभरात उपविधी, म्हणजे आपले स्थानिक नियम, करून जागेवरच्या दंडाचे दर ठरवावेत, असंही सांगितलं. दोन कायद्यांमधला सांधा जुळवायची जागा हीच होती. त्याच डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंड ठरवला. कसबा बावड्यात झूम कचरा डेपोचा धूर नाकात गेलेल्यांना या आदेशाचं मोल वेगळं सांगायला नको.

मग 2018 ची राज्याची प्लास्टिकबंदी: पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि कैद. म्हणजे लक्ष्मीपुरीत बंदी असलेली पिशवी वापरणाऱ्याला पाच हजार, आणि उष्ट्याची पोती नाल्यात ओतणाऱ्याला दीडशे. हे न्यायाचं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये तर कचरा आणि सांडपाण्याच्या हलगर्जीपणासाठी हरित न्यायाधिकरणाने महाराष्ट्र सरकारवरच 12,000 कोटींची भरपाई बसवली.

केंद्राच्या जनविश्वास कायद्याने 1 एप्रिल 2024 पासून 1986 च्या कायद्यातल्या कैदेच्या जागी बहुतांशी 10,000 ते 15 लाखांचा आर्थिक दंड आला आणि तो ठरवायला न्यायनिर्णय अधिकारी. पाठोपाठ 1 एप्रिल 2026 पासून नवे घनकचरा नियम: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (जुनी औषधं, बल्ब यांसारखा) असं चार प्रकारचं वर्गीकरण, आणि 'प्रदूषण करणारा भरपाई देईल' हे तत्त्व.

कोल्हापूरच्या उपविधींना आता या चौकटीत बसावं लागेल. सरसकट दर वाढवून भागणार नाही. त्याने हातगाडीवाला भरडला जाईल. दिवसाला 100 किलोवर कचरा करणारी हॉटेलं आणि मंगल कार्यालयं 2016 पासूनच वेगळ्या वर्गात आहेत. त्यांचा दर वजनावर ठरावा आणि नाल्यात किंवा रंकाळा तलावात टाकलेल्या कचऱ्याचा दर रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त असावा. उपविधीचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो आणि राज्य सरकारच्या मान्यतेनेच लागू होतो. तालमी, तरुण मंडळं आणि पेठांमधल्या नागरिकांनी आपलं म्हणणं लेखी द्यायची वेळ तीच.